मतमाऊलीला नवस बोलले, तरी असं का झालं?

जालना जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. नावगाव गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा:

ताईंचं वय 39. घरात नवरा, सासूबाई, बारावीतली मुलगी आणि नववीतला मुलगा. तीन पिढ्यांपासून घर कॅथोलिक. दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दोघं एसटीने जालन्याला डायलिसिसला जातात. 2025 च्या सप्टेंबरमध्ये ताई श्रीरामपूरजवळच्या हरेगावच्या यात्रेला गेल्या आणि मतमाऊलीपुढे, म्हणजे येशूची आई मरियेपुढे, नवस बोलल्या, ‘मालकांचं डायलिसिस सुटू दे, दरसाल पायी येईन.’ घरी परतल्या आणि थोड्याच दिवसांत अतिवृष्टी झाली. तीन एकरांतली कपाशी आणि सोयाबीन पाण्याखाली गेली. सासूबाई म्हणतात, नवसात काहीतरी खोट राहिली. शेजारच्या एक बाई प्रार्थना गटात जातात. त्या म्हणतात, ‘तुमच्या घरात अविश्वास आहे, म्हणून आशीर्वाद अडलाय.’ ताई लिहितात, “रोज रात्री जपमाळ करते, पण नमो मरिया म्हणता म्हणता डोळा लागतो. ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) घेताना आत काहीच हालत नाही. देव हाय का नाही तेच कळंना. काहून प्रार्थना करू लागले मी?” आणखी एक गोष्ट त्यांना छळते. डॉक्टरांनी मालकांचं पाणी मोजून दिलंय. रात्री ते उठून रांजणाकडे बघत बसतात, पाणी मागतात आणि ताईंना ‘नाही’ म्हणावं लागतं. ताई विचारतात: देव मला सोडून गेला का? नवस फेडायला जाऊ की नको? आणि काही दिवस मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेले नाही, प्रार्थना केली नाही, तर पाप लागेल का?

प्रिय ताई,

देवाबद्दल तुम्ही तीन पानं लिहिलीत, आणि नवऱ्याबद्दलचं एक वाक्य शेवटच्या पानाच्या कडेला, आडव्या अक्षरांत. मी त्या वाक्यापासून सुरू करते. “आता डायलिसिस नको, देवाच्या मनात असेल तसं होईल,” असं मालक दोनदा बोलून गेले. तुम्हाला ते श्रद्धेचं बोलणं वाटलं. आपल्यापेक्षा त्यांचाच विश्वास मोठा, असं मनाशी धरून तुम्ही गप्प राहिलात.

ताई, यावर गप्प राहू नका. दीड वर्षं आठवड्यातून दोनदा हातात जाड सुया टोचून घ्यायच्या, चार-चार तास खाटेवर पडायचं, परतीच्या एसटीत मान धरवत नाही, त्यात पीक डोळ्यांदेखत गेलेलं. असा माणूस ‘देवाची मर्जी’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या पोटात वेगळंच असतं. माझ्यामुळे घर बुडालं. पोरीच्या शिक्षणाचा पैसा माझ्या सुयांवर चाललाय. मी गेलो तर हे सुटतील. हे बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून देवाचं नाव पुढे करतात. तुमच्या घरात असंच आहे असं मी इथे बसून सांगू शकत नाही, पण विचारल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही. किडन्या पूर्ण थांबलेल्या असतील तर डायलिसिस बंद केल्यावर दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा प्रश्न उरतो. त्यामुळे हे बोलणं पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

डायलिसिसच्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी विचारा. त्या दिवशी अंगात जरा हुशारी असते. सासूबाई आणि मुलं जवळ नसताना, सरळ विचारा: “दुखणं सोसंना झालंय का? पैशाचं मनात घेतलंय का? मरावंसं वाटतंय का?” शेवटचा प्रश्न विचारायला भीती वाटेल. पण विचारल्याने तसला विचार मनात पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका. टेली मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि पुढच्या फेरीत डायलिसिसच्या डॉक्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांगा. डायलिसिसवरच्या पेशंटला मनाचा आजार जडणं नवीन नाही, आणि त्यावर उपचार आहेत.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. अजूनही खिशातून पैसे जात असतील तर कशासाठी जातात, ते कागद घेऊन त्याला विचारा. आणखी एक. किडन्या कायमच्या गेल्या असतील तर डायलिसिस सुटायचा वैद्यकीय मार्ग म्हणजे प्रत्यारोपण. मेंदू मृत झालेल्या दात्याची किडनी मिळण्यासाठी नाव नोंदवावं लागतं. आपल्या भागासाठीचं विभागीय समन्वय केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. मालक त्यासाठी योग्य आहेत का, हे डॉक्टरांनी तपासलंय का? पत्रात तसं काही दिसलं नाही. विचारा.

आता यात देव कुठे, असं वाटेल. आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये सिराखचं पुस्तक आहे. त्याच्या 38 व्या अध्यायात म्हटलंय की वैद्याचा मान राखा, त्यालाही देवानेच निर्माण केलं, औषधं देवाने मातीतून उगवली, शहाण्याने ती झिडकारू नयेत. त्याच अध्यायात आजारी माणसाला आधी प्रार्थना कर आणि मग वैद्याला वाट दे, असंही सांगितलंय. म्हणजे दवाखान्याची पायरी चढल्याने देवावरचा विश्वास कमी ठरत नाही. उपचाराचा त्रासच अती झाला आणि गुण येईनासा झाला, तर तो थांबवायची मुभा चर्च माणसाला देतं, हेही खरं. पण तो निर्णय डॉक्टरांशी बोलून, शुद्ध मनाने, घरच्यांना विश्वासात घेऊन करायचा असतो. पिकाच्या नुकसानीचा आकडा डोळ्यांपुढे ठेवून करायचा नसतो.

आता तुमचे प्रश्न.

सासूबाई आणि शेजारच्या बाई, दोघींच्या बोलण्याखाली एकच समजूत आहे: संकट आलं म्हणजे कुणाचं तरी चुकलं. ही समजूत फार जुनी आहे, शिष्यांचीही तीच होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात जन्मांध माणूस दिसल्यावर त्यांनी येशूला विचारलं की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. लूकच्या 13 व्या अध्यायात शिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याची गोष्ट येते. ती माणसं यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का, असं येशू विचारतो आणि ‘नाही’ असं उत्तरही स्वतःच देतो. सप्टेंबरच्या पाण्याने मराठवाड्यात जिल्हेच्या जिल्हे धुऊन नेले. त्यात नवस बोललेल्यांची शेतं होती, न बोललेल्यांची होती, वारकऱ्यांची होती, नमाज पढणाऱ्यांची होती. तुमच्या कपाशीवर पडलेला पाऊस तुमच्या जपमाळेचे मणी मोजून पडला नाही.

ईयोबाच्या पुस्तकाचा शेवटही सासूबाईंना वाचून दाखवा. संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्र त्याला सांगत राहतात की तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब मात्र देवाशी भांडतो, जाब विचारतो. शेवटी देव बोलतो ते मित्रांच्या विरुद्ध. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो.

शेजारच्या बाईंवर राग धरू नका. त्यांना तुमचं बरं व्हावं असंच वाटत असणार. पण त्यांना एवढं स्पष्ट सांगा: “आमच्यासाठी जरूर प्रार्थना करा, माझा विश्वास मात्र मोजू नका.” आणि लगेच एक काम द्या. मंगळवारी तुम्ही जालन्याला असता तेव्हा सासूबाईंना दुपारचं जेवण वाढायचं, किंवा महिन्यातून एक शुक्रवार मालकांबरोबर तुमच्याऐवजी जायचं. खरी माया असेल तर त्या आनंदाने करतील. गटात कुणी ‘औषधं सोडा, विश्वास ठेवा’ म्हटलं, तर मात्र त्या बैठकीतून उठून या. यात भीडभाड नको.

‘आत काहीच हालत नाही’ हे तुमचं वाक्य माझ्या मनात बराच वेळ राहिलं. देव जवळ असला की आत काहीतरी हललं पाहिजे, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, शांत वाटलं पाहिजे, असं तुम्ही धरून चाललात. हे तुम्हाला कुणी शिकवलं, ताई? चर्चने तरी नाही. प्रार्थनेतला कोरडेपणा चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात नाव घेऊन आलाय, आणि तोही प्रार्थनेच्या वाटेवरचा एक टप्पा म्हणून. लिझ्यूची संत तेरेजा, जिला आपण लहान तेरेजा म्हणतो, 1896 च्या पुनरुत्थानाच्या सणापासून 30 सप्टेंबर 1897 ला चोविसाव्या वर्षी क्षयाने जाईपर्यंत, जवळजवळ दीड वर्षं तशाच अंधारात होती. स्वर्ग आहे की नाही, इथपर्यंत मनाने तिला छळलं. आणि हो, प्रार्थना करताना तिलाही झोप लागायची, अगदी ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतरच्या प्रार्थनेतसुद्धा. तिने त्याचं दुःख केलं नाही. लेकरं जागी असोत की झोपलेली, आईबापांना सारखीच आवडतात, असं ती म्हणायची. त्याच तेरेजाला चर्चने 1997 मध्ये ‘चर्चची आचार्य’, म्हणजे सगळ्या चर्चची शिक्षिका, हा मान दिला.

तुम्ही पहाटे उठता, धारा काढता, डबा करता, जालना गाठता, परत येऊन चूल पेटवता. रात्री नऊला जपमाळ हातात घेतल्यावर डोळा लागला, तर त्यात कसला अविश्वास? ते थकलेलं शरीर आहे.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्हाला आठवत असेल, राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 19 वा अध्याय. राणी जिवावर उठलेली, एलीया रानात पळालेला, रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, देवा, आता पुरे, माझा जीव घे. आणि झोपून जातो. देव त्याला तिथे उपदेश करत नाही. विश्वास कुठे गेला, असं विचारत नाही. देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो, ‘ऊठ, खा’ म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, कारण वाट लांबची आहे. देवाचा तो मंद आवाज होरेब डोंगरावर ऐकू येतो, पण त्याच्या आधी झोप आहे, भाकर आहे, पाणी आहे. या आठवड्यात तुम्ही पोटभर जेवलात का, हे मला तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर उभ्याने दोन घास, असं चाललं असेल तर आधी ते बदला. निदान एका रात्री मुलीला जपमाळ सुरू करायला सांगा आणि तुम्ही पडल्या पडल्या ऐका.

आणि पाणी. मत्तयाच्या 25 व्या अध्यायात येशू म्हणतो, मी तान्हेला होतो आणि तुम्ही मला पाणी दिलंत. तुम्ही पत्रात हे वचन लिहिलंत आणि पुढे लिहिलंत, “आन मी रोज नाही म्हणते.” हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण वर्षभर तुम्ही हे पाप समजून उरात बाळगलंय. ताई, किडनी बंद पडलेल्या माणसाच्या अंगात जादा पाणी साचतं, छातीत उतरतं, हृदयावर ताण येतो, श्वास कोंडतो. तुम्ही ‘नाही’ म्हणता तेव्हा त्यांचा श्वास राखता. मोजून भरलेला तो छोटा पेला त्यांच्या हातात देणं आणि त्यांनी पुन्हा मागितल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसणं, हेच त्या वचनातलं पाणी पाजणं आहे. डॉक्टरांना विचारून तहान मारायचे उपायही करा: जेवणातलं मीठ कमी, पापड-लोणचं बंद, नुसती चूळ भरणं, बर्फाचा लहानसा खडा चघळणं, पण तोही दिवसाच्या मापात धरून. देव कुठे आहे असं तुम्ही विचारता. क्रुसावर ‘मला तहान लागली आहे’ म्हणणाऱ्या येशूला आपण देव म्हणतो. रात्री रांजणाकडे बघत बसलेल्या माणसाजवळ तो नसेल, असं मला नाही वाटत. ही माझी श्रद्धा आहे. तुम्हाला आत्ता तसं वाटलं पाहिजे, अशी बळजबरी मी करणार नाही.

मग प्रार्थना करायची तरी कशी? आत्ता तुमच्याजवळ जे आहे त्याचीच करा, आणि आत्ता तुमच्याजवळ गाऱ्हाणं आहे. दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. 13 वं स्तोत्र ‘किती काळ?’ असं देवाला विचारत सुरू होतं, ते अगदी छोटं आहे, एसटीत बसल्या बसल्या पाठ होईल. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी चर्चने ते रात्रीच्या प्रार्थनेत ठेवलंय. देवाशी भांडण आपल्या मातीला नवं नाही. गंगाखेडच्या जनाबाईंनी विठोबाला काय काय सुनावलंय, ते तुमच्या वारकरी शेजारणींना विचारा. ती जवळिकीची भाषा आहे. तुम्ही कॅथोलिक म्हणून तुमच्या देवाशी तेवढ्याच जवळिकीने बोलायला संकोचू नका. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणून झाल्यावर ‘आणि आता ऐक’ म्हणून सगळं सांगा, मराठवाड्याच्या बोलीत, जसं मला लिहिलंत तसं.

पूर्ण जपमाळ होत नसेल तर एकच दशक, म्हणजे दहा नमो मरिया, करा. मंगळवार आणि शुक्रवार या दोन्ही दिवशी जपमाळेत दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखाचे प्रसंग, येतात, आणि नेमके तेच तुमचे डायलिसिसचे वार. पहिलं रहस्य गेथशेमानी बागेचं. मालक मशीनवर असताना तेवढं एक दशक त्यांच्या खाटेशेजारी बसून म्हणा, दोघांनी मिळून, हळू आवाजात. त्या बागेत काय घडलं ते नीट बघा. येशूने मागितलं की हा प्याला माझ्यापासून दूर कर. तो दूर झाला नाही. देवाच्या पुत्राचं मागणं जसंच्या तसं मान्य झालं नाही, तेव्हा त्याच्या विश्वासात खोट होती असं कोण म्हणेल? आणि त्या रात्री त्याने आणखी एक गोष्ट मागितली, ती माणसांजवळ. तीन मित्रांना तो म्हणाला, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, हा भाग वेगळा, पण त्याने मागितलं.

तुम्ही मागितलं नाहीत, ताई. सगळ्या पत्रात मला हे सगळ्यात जास्त खुपलं. तुमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, कुणाला मालकांचं बोलणं ठाऊक नाही. फादर महिन्यातून दोनदा गावी मिस्साला येतात, त्यांच्याशी तुम्ही फक्त ‘फादर, आशीर्वाद द्या’ एवढंच बोलता. मुलीपासूनही लपवता. प्रार्थना तुम्ही एकटीची परीक्षा करून टाकलीत, पेपरही तुम्हीच लिहायचा आणि नापासाचा शिक्काही तुमच्यावरच. आपल्या चर्चमध्ये प्रार्थना तशी कधीच नव्हती. तुमचे शब्द सुकले त्या दिवशी दुसरं कुणीतरी तुमच्यासाठी म्हणतं. मिस्सात दर रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, त्यात मालकांचं नाव घ्यायला सांगा. नाव उच्चारलं जाताना तुम्ही नुसत्या उभ्या राहा. काही वाटलं पाहिजे असं नाही.

नवसाचं. तुम्ही नवस अटीवर बोललात: डायलिसिस सुटलं तर. चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेत स्पष्ट आहे की नवस ज्या अटीवर अवलंबून असेल ती अट पूर्ण झाली नाही तर नवसाचं बंधन राहत नाही. डायलिसिस सुटलेलं नाही, म्हणजे आज तुमच्यावर कसलंही देणं नाही. मतमाऊली तुमच्या दारात वसुलीला उभी नाही. तरीही मनाला टोचत असेल तर तुमच्या धर्मग्रामाच्या फादरांना तुम्हाला त्यातून मोकळं करायचा अधिकार आहे, योग्य कारण असलं की पुरे. आणि कारण तर तुमच्या खाटेवरच आहे. नवस बदलून त्याच तोलाचं किंवा त्याहून चांगलं काही करायची मुभा तर तुम्हाला स्वतःलाही आहे. मला विचाराल तर पायी यात्रेऐवजी, मालकांना मशीनवर सोडल्यावरच्या चार तासांत त्याच वॉर्डात एकटं आलेल्या पेशंटशेजारी थोडा वेळ बसणं, हे मरियेला कमी आवडणार नाही. पण तेही झेपलं तरच. सध्या तुमची ताकद तुमच्या घराला हवी आहे. हरेगावला पुन्हा जावंसं वाटलं तर बसने जा, मुलांना घेऊन जा, काही न मागता जा.

मिस्सा चुकली तर पाप लागेल का? आजारी माणसाची सेवा करताना घर सोडता आलं नाही, तर रविवारच्या मिस्साचं बंधन त्या दिवशी तुम्हाला लागू नाही. गंभीर कारण असल्यास सूट, हा चर्चचाच नियम आहे. ख्रिस्तप्रसादाआधीचा तासाभराचा उपाससुद्धा आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना नाही. मालकांनी गोळ्यांबरोबर काही खाल्लं म्हणून, किंवा तुम्ही त्यांच्याबरोबर चहा घेतला म्हणून, ख्रिस्तप्रसाद टाळू नका.

पण तुमचा प्रश्न सवलतीचा नव्हता, मला कळलं. तुम्हाला कंटाळून थांबायचं होतं. संत इग्नाती लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत एक गोष्ट बजावली आहे: मन कोरडं, अंधारात असताना आधी घेतलेले निर्णय बदलू नयेत, उजेडात जे ठरवलं होतं तेच धरून ठेवावं. म्हणून आत्ता ‘मी मिस्साला जाणार नाही’ असं ठरवू नका, आणि ‘रोज दोन तास प्रार्थना करीन’ असंही ठरवू नका. मालकांच्या ‘डायलिसिस नको’लाही हेच लागू. जमेल त्या रविवारी जा. मागच्या बाकावर बसा. गाणी म्हणता आली नाहीत तर नका म्हणू.

फादरांना मात्र याच आठवड्यात फोन करा, पुढच्या मिस्साची वाट बघू नका. त्यांना तीन गोष्टी मागा. एक, मालकांसाठी रुग्णाभ्यंग संस्कार, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून केलेली प्रार्थना. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत तो शेवटच्या घटकेचा समजतात आणि फादर तेल घेऊन आले की बायका रडायला लागतात. तसं नाही. गंभीर आजार असलेल्या कुणालाही तो घेता येतो, आजार बळावला तर पुन्हाही. सासूबाईंना आधीच समजावून सांगा, नाहीतर त्या घाबरतील. दोन, मिस्साला येणं जमत नाही तेव्हा घरी ख्रिस्तप्रसाद. तीन, तुमच्या एकटीसाठी अर्धा तास. तिथे नवसाचं बोला, पाण्याचं बोला, ‘देव हाय का नाही’ हे वाक्यही तसंच्या तसं बोला. फादरांनी ही वाक्यं याआधी पुष्कळांकडून ऐकलेली असतील. त्यांच्यासमोर धीट दिसायची गरज नाही.

पंचनाम्याचं, अनुदानाचं काय झालं ते पत्रात नाही. यादीत नाव नसेल तर तलाठ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हे काम मुलीला सांगा, बारावीतली आहे, करेल. तिला सगळं खरं सांगून टाका. घरात कुजबुज चालते तेव्हा मुलं खऱ्यापेक्षा वाईट काहीतरी मनाशी धरून बसतात.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठीही एक विनंती. तुमच्या धर्मग्रामात, वाडीत, गल्लीत असं एखादं घर असेलच. मिस्सा सुटल्यावर पायरीवर ‘कसं आहे आता?’ विचारून पुढे जाऊ नका, ‘प्रार्थना करतो’ एवढ्यावरही सोडू नका. कोणत्या वारी डायलिसिस असतं ते विचारा आणि त्यातला एक वार आपल्या अंगावर घ्या.

ताई, मालकांशी बोलणं आधी, फादरांना फोन त्यानंतर. दोन्ही झालं की दोन ओळी लिहून कळवा. तोवर मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या एकेका दशकात तुम्हा दोघांची नावं मी घेते आहे.